तुटलेला अनुस्वार आणि जुळाऱ्याची नोकरी

मी कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस्सी. केलं आणि आता पीएचडीसाठी जुनी मराठी पुस्तकं वाचतेय. म्हणजे मी नाही, माझा प्रोग्रॅम वाचतो. छापील पानाचा फोटो द्यायचा आणि त्यातला मजकूर टाइप केल्यासारखा बाहेर काढायचा. याला ओसीआर म्हणतात. इंग्रजीत हे काम बऱ्यापैकी सुटलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी पानांवर मात्र अजून घाम फुटतो.

माझा प्रोग्रॅम एक चूक हटकून करायचा, अनुस्वार गाळायचा. तेव्हा लोक 'घरांत', 'तें', 'मीं' असं लिहीत. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. मला वाटलं, प्रोग्रॅम आजच्या मराठीवर शिकलाय म्हणून जुने अनुस्वार त्याला दिसत नसतील. तीन महिने मी त्याच्या मागे लागले होते. मग ओळखीतल्या एका काकांना पानं दाखवली. काका छापखान्यात तीस वर्षं कंपोझिटर होते. त्यांनी भिंगसुद्धा मागितलं नाही. "अगं, अनुस्वार आहेच कुठे? डोकं तुटलंय खिळ्याचं," म्हणाले. प्रोग्रॅम बरोबर वाचत होता. टिंब कागदावर उमटलंच नव्हतं.

हे समजायला खिळे जुळवणं म्हणजे काय ते आधी बघू. शिशाच्या मिश्रधातूचा एकेक खिळा, त्याच्या टोकावर उलटं अक्षर. समोर खणाखणांची लाकडी पेटी, म्हणजे केस. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने न बघता खिळे उचलायचे आणि ओळ भरायची. ओळी गॅलीवर उतरवायच्या, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, छापायचं. आणि मग जे आपण विसरतो ते काम: छापून झाल्यावर प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. जितकं जुळवलं तितकं सोडवायचं. हे करणारा तो कंपोझिटर, मराठीत जुळारी.

इंग्रजीत छोटी-मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं धरून शंभर-दीडशे खणांत भागतं. आपल्याकडे क, अर्धा क, क्त, क्र, क्ष, उकार लागलेला कु, रफार, रफारावर अनुस्वार... खिळ्यांचे प्रकार शेकड्यांत जातात. शिवाय वर-खाली जाणाऱ्या चिन्हांसाठी खिळ्याचा काही भाग त्याच्या अंगाबाहेर लोंबता ओतलेला असायचा आणि तो शेजारच्या खिळ्यावर टेकायचा. छापताना दाब पडला की पहिलं मोडायचं ते हेच. काकांनी ज्याला डोकं म्हटलं ते हे.

या कामात मुंबईने नाव कमावलं. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले आणि पुढे 1869मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ आजही अभ्यासक शोधत असतात. माझ्या प्रोग्रॅमलाही तीच पानं सगळ्यांत सोपी जातात, हे जाता जाता सांगते.

पण शेकडो प्रकारचे खिळे, तेही प्रत्येक आकारात आणि पुरेशा संख्येने ठेवायचे म्हणजे पैसा हवा. ते शोधत बसायचं म्हणजे वेळ हवा. वृत्तपत्र काढणाऱ्याला दोन्ही परवडत नाही. 'केसरी' चालवणाऱ्या टिळकांनी म्हणूनच देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत बरंच लक्ष घातलं होतं. त्यांच्यापुढे लायनोटाइप यंत्र होतं. त्यावर टाइप केलं की ओळच्या ओळ ओतून मिळते, पण कीबोर्डवर कळा फक्त 90. शेकडो आकार 90 कळांत बसवायचे कसे? पुढे रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं कशाला, अि, अी, अु, अू लिहा, 'अ'चीच बाराखडी करा. काही नियतकालिकांनी हे वापरलंही. 1953मध्ये लखनौला देवनागरी सुधारणेची परिषद भरली. तिथे तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न देता नंतर द्यावी असं ठरलं. काही वर्षांतच तो निर्णय गुंडाळावा लागला, कारण लोकांच्या डोळ्यांना ते रुचेना.

माणसं वेगळी, विचारसरणी वेगळ्या, पण गृहीतक एकच दिसतं: यंत्र आहे तसंच राहणार, तेव्हा लिपीने वाकावं. त्यांना मी हसत नाही. त्यांच्या काळात यंत्र खरंच वाकत नव्हतं. मराठी टाइपरायटरवर पाय मोडून लिहिलेली जोडाक्षरं आपल्या आईवडिलांच्या पिढीने सरकारी पत्रांत वर्षानुवर्षं वाचलीच की.

मग कॉम्प्युटर आला आणि प्रश्नच उलटला. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य भागाला 128 जागा आहेत. त्यात 'क्ष' नाही. क, हलन्त, ष असे तीन संकेत साठवतात आणि पडद्यावर 'क्ष' काढायचं काम फाँटमधल्या नियमांवर सोपवतात. 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी. लखनौला जे भांडण झालं ते इथे आपोआप मिटलं, कारण साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळे झाले. लिपीला एकही जोडाक्षर सोडावं लागलं नाही.

अर्थात हे एका रात्रीत झालं नाही. पुण्यात 1988मध्ये सी-डॅक स्थापन झालं, त्यांच्या जिस्ट तंत्रज्ञानाने संगणकावर भारतीय लिप्या आणल्या. 1991मध्ये इस्की हे प्रमाण संकेतन ठरलं. पण डीटीपीच्या बाजारात प्रत्येक फाँटची संकेतांची रीत निराळी होती. माझी मावशी नव्वदच्या दशकात घरी डीटीपीची कामं करायची. तिच्या तेव्हाच्या फायली आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो फाँट आता आमच्याकडे नाही. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक मी वाचू शकते, मावशीची पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल नाही.

आता जुळाऱ्याकडे परत येऊ. फाँटमधले ते नियम आधी कुठे होते? त्याच्या हातात. हस्तलिखितात 'कि' वाचून आधी वेलांटीचा खिळा उचलणारा तोच. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना पगार दिला' यातला फरक ओळखून योग्य 'र' लावणारा तोच. हा डोळ्याच्या पापणीसारखा र मराठीला हवा, हिंदीला लागत नाही, त्यामुळे आजही कुठल्या तरी ॲपमध्ये तो बिघडलेला दिसतो. जुळाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून लिपी बदलायला निघालेले लोक मागे पडले. लिपी जशीच्या तशी राहिली आणि जुळारी गेला.

शिशाच्या दिवसांबद्दल मला हळहळ नाही. उभं राहून पाय सुजत, डोळे जात, शिसं अंगात जाई. काका स्वतःच म्हणतात, "पोराला मी त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही." त्यांच्या छापखान्यातले दोघे-तिघे कीबोर्ड शिकून ऑपरेटर झाले. बाकीच्यांपैकी कुणी वॉचमन झाला, कुणी गावी गेला. तेव्हा पन्नाशीच्या माणसाला शिकवायला कुणाला वेळ होता?

मी प्रोग्रॅममध्ये आता नवे वर्ग घातले आहेत: तुटकं डोकं, घासलेला खिळा, चुकीच्या खणातला खिळा. आधी या सगळ्याला मी एकच नाव दिलं होतं, 'नॉइज'. पानांवर या खुणा करायला काकांना घ्यायचं ठरलं, तेव्हा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्यांना बसवायला जागा शोधावी लागली. मिळाली ती 'डेटा एंट्री', दर पानामागे. मी संकोचत सांगितलं. काकांनी दर विचारला, मनात काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "आमच्याकडेही पानावरच होतं. पण सोडवायचे पैसे वेगळे मिळत नव्हते. इथे सोडवायचं नाही ना?"