परसबाग कशी कराल? एक गुंठा जागा, घरचं सांडपाणी आणि वर्षभर ताजी भाजी

आठवडे बाजारातून आणलेली भाजी दोन-तीन दिवस पुरते, मग उरलेला आठवडा पिठलं, डाळ आणि बटाट्यावर निघतो. खेड्यातल्या बऱ्याच घरांची हीच गत आहे. शेतात कापूस, सोयाबीन, ऊस उभा असतो, पण कोथिंबिरीची जुडी मात्र विकत आणावी लागते.

याचा परिणाम तब्येतीवर दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के महिला आणि पाच वर्षांखालची 68.9 टक्के बालकं रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या खाण्याची शिफारस केली आहे. पाच जणांच्या घराला हा हिशेब लावला तर रोज दीड-दोन किलो भाजी लागते. एवढी रोज विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही. घरामागची परसबाग यातला बराच भार उचलू शकते.

जागा किती आणि कशी?

एक गुंठा म्हणजे साधारण 33 बाय 33 फूट जागा असली तर उत्तम. तेवढी नसेल तर 10 बाय 20 फुटांतही पालेभाज्या आणि दोन-चार वेल होतात. दिवसाला किमान सहा तास ऊन मिळालं पाहिजे.

- शेवगा, लिंबू, कढीपत्ता, पपई ही उंच झाडं उत्तर बाजूला लावा, म्हणजे वाफ्यांवर सावली पडत नाही.
- दोडका, कारलं, दुधी, वाल हे वेल कुंपणावर किंवा मांडवावर चढवा.
- मधल्या जागेत तीन फूट रुंदीचे वाफे करा. दोन्ही बाजूंनी हात पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही.
- पावसाळ्यात गादीवाफे, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सपाट वाफे ठेवा.
- कोंबड्या आणि शेळ्यांपासून राखण हवीच. बाभळीच्या काट्या किंवा जुन्या साड्यांचं कुंपणही चालतं.

काही गावांत गोल आकाराची परसबाग करतात. मधोमध कंपोस्टचा खड्डा आणि भोवती सात वाफे, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक वाफा.

पाणी कुठून आणायचं?

बऱ्याच परसबागा मार्च-एप्रिलमध्ये पाण्याअभावी वाळतात. म्हणून सुरुवातीलाच सांडपाण्याची सोय करावी. न्हाणीचं पाणी वाळू आणि खडीच्या छोट्या खड्ड्यातून गाळून केळी, अळू, कर्दळीला सोडता येतं. पपईच्या बुडाशी मात्र पाणी साचू देऊ नका, खोड कुजतं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी थेट वाफ्यांना द्या. कपड्यांच्या साबणाचं पाणी पालेभाज्यांवर टाकू नका. उन्हाळ्यात वाफ्यांवर पालापाचोळा किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन केलं की ओल टिकते.

कधी काय लावायचं?

- जून-जुलै: भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, दुधी, वांगी, मिरची
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, टोमॅटो, कोबी, घेवडा
- जानेवारी-फेब्रुवारी: भेंडी, गवार, काकडी, तांदुळजा, चवळी, भोपळा

मेथी महिनाभरात काढणीला येते. पालक पाच-सहा आठवड्यांत कापता येतो आणि पुन्हा फुटतो. भेंडी दीड-दोन महिन्यांत सुरू होते. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं आधी चार-पाच आठवडे वाफ्यात तयार करून मग लावावी लागतात.

इथे नेहमी एक चूक होते. सगळं बी एकाच दिवशी टाकलं जातं. मग एकदम भाजी येते, अर्धी वाया जाते आणि नंतर दोन महिने वाफे रिकामे. त्यापेक्षा मेथी, कोथिंबीर, पालक यांची एक-एक ओळ दर पंधरा दिवसांनी पेरा. धने पेरण्याआधी हलक्या हाताने रगडून दोन भाग करा. ज्या वाफ्यात वांगी-टोमॅटो झाले, तिथे पुढच्या वेळी चवळी किंवा गवार घ्या.

खत आणि कीड

शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा. ताज्या शेणाने हुमणी आणि वाळवी वाढते. जीवामृत थोडंच लागतं: 10 लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून रोज दोनदा ढवळा, आठवड्याच्या आत वापरा.

मावा, पांढरी माशी दिसली तर अर्धा किलो निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळून एकूण 10 लिटर पाणी करा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. वांग्याचे शेंडे मान टाकलेले दिसले की आत अळी आहे असं समजा. ते शेंडे तोडून नष्ट करा. भेंडीची पानं पिवळ्या जाळीची झाली तर तो केवडा रोग आहे, झाड उपटून टाका.

शेतात फवारून उरलेलं औषध परसबागेत अजिबात वापरू नका. ही भाजी लेकरं तोडून तशीच खातात. औषधाचे रिकामे डबेही पाणी घालायला घेऊ नका. पेरणीचं औषध लावलेलं रंगीत बियाणं उरलं तर ते खायच्या धान्यात मिसळू देऊ नका.

बी घरचंच ठेवा

संकरित बियाण्यापासून धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच येत नाही. गावरान वाणाचं येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाला. तेच काम लहान प्रमाणात प्रत्येक घरी होऊ शकतं. दोडका, दुधी, वालाची चांगली निरोगी फळं वेलावरच पूर्ण पिकू द्या. बी सुकवून राखेत घोळा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बरणीवर नाव आणि महिना लिहा.

ताटात कसं यावं?

पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबू पिळून खाल्लेलं चांगलं. जेवणानंतर लगेच चहा टाळा. शेवग्याचा पाला भाजीत, वरणात घालता येतो. रक्त कमी असलेल्या बाईने भाजी खाल्ली म्हणून आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत.

पहिल्या वर्षी दोन वाफे, एक मांडव आणि एक शेवगा एवढ्यावरच सुरुवात करा. तेवढं उन्हाळ्यात जगवता आलं, तर पुढच्या जूनला वाफे वाढवा.