लाखेची तबकडी आणि शाहिराचा आवाज

रायपूरहून बोलतोय.

मी जुन्या रेकॉर्डी जमवतो आणि त्यातल्या काही विकतोही, हे कळलं की लोक एकच प्रश्न विचारतात. "आमच्याकडे आजोबांच्या वेळच्या तबकड्या पडल्यात. किती येतील?" आज त्याचं उत्तर देणार आहे. पण आधी इतिहास, मग व्यवहार. इतिहास ठाऊक नसला की माणूस नेमकी नको ती वस्तू भंगारात घालतो.

सुरुवात छत्तीसगडच्या जंगलापासून करू. आमच्याकडे पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीकसा किडा वस्ती करतो आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच तयार करतो. ती लाख. बांगड्यांची, दाराच्या पॉलिशची, टपालाच्या सीलची. लाख पिकवण्यात आपल्या देशात झारखंडच्या बरोबरीने छत्तीसगडचं नाव घेतलं जातं. ही लाख शुद्ध केली की शेलॅक होतं, आणि ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी याच शेलॅकची असे. साधारण चौथा हिस्सा लाख, बाकी दगडाची बारीक पूड, रंगासाठी काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. म्हणून ती जड असते आणि हातातून सुटली की कपबशीसारखी फुटते.

आपल्या देशात ग्रामोफोन कंपनीचं पहिलं ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झालं. फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ यंत्र घेऊन आला आणि गौहर जानचा आवाज मेणावर उतरला. पण तबकडी छापायला सगळं जर्मनीतल्या हॅनोवरला जायचं. म्हणजे लाख इथली, गळा इथला, छपाई तिकडची, आणि विकत घेणारे पुन्हा आपणच. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा हा फेरा थांबला. पुढे कारखाना दमदमला गेला.

आता रायपूर नकाशावर बघा. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणाऱ्या लोहमार्गावर आमचं स्टेशन. १९५६ पर्यंत आमची राजधानीही नागपूरच. त्याआधी नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसं इकडे आलेली. त्यामुळे इथल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईची गाणी परकी नव्हती. नागपूरच्या जी. एन. जोशींनी, जे शिक्षणाने वकील, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता तबकडीवर गायली, आणि भावगीत नावाचा प्रकार घराघरात गेला. जोशी नंतर एचएमव्हीत अधिकारी झाले आणि कितीतरी मोठे गळे त्यांनी मुद्रित करून ठेवले. गजानन वाटवे स्वतः चाल लावायचे आणि स्वतःच गायचे. मुंबईत १९३५ साली 'यंग इंडिया' ही देशी कंपनी निघाली, तिने नवख्यांना संधी दिली. हा सगळा इतिहास अशा पेट्यांमध्ये आहे.

पण आज मला ज्याची काळजी आहे तो गायक भावगीतवाला नाही. तो शाहीर.

पाश्चात्त्य देशांत 'सिंगर-साँगरायटर' म्हणून एक वर्ग आहे. स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो. आपल्याकडे हा माणूस तीनशे वर्षांहून जुना आहे. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा शिवकाळातला. इंग्रज अधिकारी अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला, म्हणून त्यातलं पुष्कळ वाचलं. पण कागदावर शब्द राहतात. डफ, तुणतुणं, झीलकऱ्याचा 'जी जी' आणि शाहिराने मध्येच घेतलेला श्वास राहत नाही. त्यासाठी तबकडीच हवी.

आणि तबकडीने शाहिराला अडचणीतही टाकलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. जो पोवाडा चावडीवर तासभर चालायचा, तो दोन बाजू मिळून साडेसहा मिनिटांत बसवायचा. नमन कापा, वर्णन कापा, थेट लढाईला हात घाला. समोर श्रोते नाहीत, 'वा!' म्हणणारं कोणी नाही, भोंग्यापुढे किंवा माईकपुढे उभं राहून वीररस आणायचा. ज्यांना हे जमलं ते किती कसलेले असतील, याचा विचार करा. पुढे बारा इंची एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. पण अमेरिकेत १९४८ साली एलपी आली, तरी आपल्याकडे ७८ च्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षं निघत होत्या, कारण चावीचा फोनो विजेशिवाय चालतो आणि गावात वीज नव्हती.

शाहीर साबळे पसरणीचे, वाई तालुका. जन्म सप्टेंबर १९२३. त्याच महिन्यात अमेरिकेत अलाबामा राज्यात हँक विल्यम्स जन्मला. तोही खेड्यातला, स्वतः लिहून गाणारा. १९५३ च्या पहिल्याच दिवशी, तिशी गाठायच्या आत गेला. त्याची मूळ तबकडी आज तिकडचे संग्राहक जपून ठेवतात आणि पैसे मोजून घेतात. त्याच्याआधी १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीने ब्रिस्टल नावाच्या डोंगराळ गावात यंत्र लावलं आणि आसपासच्या खेडुतांना गायला बोलावलं. जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब तिथेच पहिल्यांदा सापडले. आपल्या एचएमव्हीच्या लेबलवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा आहे ना, तोच व्हिक्टरच्याही लेबलवर.

आता फौजी माणूस म्हणून युद्धाचा मुद्दा सांगतो. १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठी शेलॅकचा वापर सत्तर टक्क्यांनी कमी करायला लावला. शेलॅक दारूगोळ्याच्या कामी लागत होतं, आणि जपानच्या आगेकूचीमुळे भारताकडून येणाऱ्या मालाचा भरवसा उरला नव्हता. मग तिकडे जुन्या तबकड्या गोळा करून वितळवायला सुरुवात झाली. त्या काळात हॅरी स्मिथ नावाचा एक फाटका तरुण, कोणाला नको असलेल्या खेडवळ गाण्यांच्या तबकड्या मिळेल त्या भावात उचलत होता. पुढे पैशांची चणचण आली तेव्हा तो संग्रह विकायला न्यूयॉर्कला फोकवेज कंपनीच्या मालकाकडे गेला. मालक म्हणाला, यातून निवडून एक संच कर. १९५२ साली सहा एलपींचा तो संच निघाला, ८४ गाणी. बॉब डिलनच्या पिढीने त्यावरून गाणं शिकलं. ती तबकडी वितळली असती तर ती पिढी काय ऐकून मोठी झाली असती?

आता आपल्याकडे या. तात्यापाऱ्यातलं एक घर. मुलं बाहेरगावी, घर विकायचं ठरलेलं. मला बोलावलं तोवर एक व्यापारी येऊन गेला होता. त्याने हिंदी सिनेमाच्या एलपी आणि नाट्यसंगीताचे चांगले नग निवडून नेले होते. त्यात गैर काही नाही, त्याचा धंदा आहे. मागे राहिल्या होत्या चाळीसएक ७८ च्या तबकड्या, पोवाडे, लावण्या, गोंधळ, भारुडं. बऱ्याच बिनकव्हरच्या. त्या किलोवर जाणार होत्या. एका कागदी पाकिटावर शाईने लिहिलं होतं: कुठून घेतली, कोणत्या सणाला घेतली, आणि पहिल्यांदा लावली तेव्हा अंगणात कोण कोण बसलं होतं. मी सगळ्या घेतल्या आणि पाकिटासकट नोंदवून ठेवल्या. बाजारभावाने त्या पेटीची किंमत एका बऱ्या सिनेमा-एलपीइतकीच होती.

इथेच गोम आहे. बाजारात भाव मागणीवर ठरतो. सिनेमाच्या एलपीला गिऱ्हाईक आहे म्हणून ती जपली जाते आणि तिची दुसरी, तिसरी, दहावी प्रतही टिकते. शाहिराच्या तबकडीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती आधी फुटते, आधी भंगारात जाते, किंवा भिंतीवरचं घड्याळ बनते. जिच्या प्रती सगळ्यात कमी उरल्या, तीच सगळ्यात स्वस्त. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे, 'लाल बावटा कलापथका'तले दोघेही १९६९ साली गेले. त्यांच्या पिढीला प्रत्यक्ष ऐकलेली माणसंही आता थोडीच उरली आहेत. पुढच्यांना ऐकवायला तबकडीखेरीज दुसरा साक्षीदार कुठून आणणार?

म्हणून विकू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः विकतो. विकल्याने वस्तू जाणत्या माणसाच्या हाती जाते. फक्त विकण्याआधी चार कामं करा.

पहिलं, यादी. फौजेत चार्ज देताना लेजरशी मोजणी केल्याशिवाय सही होत नाही. तसंच इथे. लेबलवरचा क्रमांक, गायक, कवी, चाल कोणाची, कंपनी, आणि खोबणी संपते तिथे कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक लिहून घ्या. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा. गायकाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, कवीचं विसरलं जातं. आज जे महाराष्ट्राचं राज्यगीत आहे ते साबळ्यांच्या आवाजामुळे लक्षात राहिलं, पण लिहिलं नागपूरच्या राजा बढे यांनी आणि चाल श्रीनिवास खळे यांची. हे बहुतेकांना लेबलच सांगतं.

दुसरं, सफाई. ७८ च्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार पॉलिश तशीच बनवतो. मऊ ब्रशने धूळ काढा, ओलसर फडक्याने पुसा, लेबल भिजू देऊ नका. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आमच्या मे महिन्यात आडवी रचलेली, उन्हात राहिलेली तबकडी हमखास वाकते.

तिसरं, विकण्याआधी ध्वनी उतरवून घ्या. ७८ ला वेगळी, रुंद सुई लागते. एलपीची सुई लावली तर नुसती खरखर ऐकू येईल. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो, मात्र कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. घरी ऐकायला उतरवा, जाहीर करण्याआधी दोन्ही हिशेब बघा.

चौथं, पेटी फोडू नका. लोकगीतांचा गठ्ठा एकत्र द्या. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था हेच काम करते आहे. आमच्या छत्तीसगडात खैरागडला १९५६ पासून संगीत विद्यापीठ आहे, श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. गिऱ्हाईक नसेल तर जाणत्या माणसाला विचारा, पण किलोवर देऊ नका.

आता सुरुवातीचा प्रश्न, किती येतील? सिनेमाच्या स्वच्छ एलपीचे बरे येतील. शाहिराच्या तबकडीचे फार येणार नाहीत, आज तरी नाहीत. पण यादी केलीत तर तुमच्याकडे नेमकं काय होतं हे तुमच्या नातवाला तरी कळेल. या रविवारी माळ्यावरची पेटी खाली उतरवा आणि पहिल्या दहा तबकड्यांची यादी करा. बाकीच्या पुढच्या रविवारी.

पुन्हा भेटू. जय हिंद, जय महाराष्ट्र, जय छत्तीसगड.