ईश्वरेच्छा आणि टिळकांचे घर

नागपूरच्या दक्षिणेस हुडकेश्वर नावाचे गाव आहे. शहराने हातपाय पसरल्यापासून ते आता नागपुरातच जमा झाल्यासारखे झाले आहे. या नावाची व्युत्पत्ती सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु मराठी कानाला त्यात 'हुडकणे' हे क्रियापद ऐकू आल्यावाचून राहत नाही, आणि एकदा ते ऐकू आले म्हणजे मनात प्रश्न उभा राहतो की, ईश्वराची इच्छा हुडकावयाची ती कोठे? ख्रिस्ती कुटुंबांत 'प्रभूची इच्छा असल्यास' हे शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारले जातात. नोकरी धरावी की सोडावी, मुलीस आलेले स्थळ पत्करावे की नाकारावे, म्हाताऱ्या वडिलांस कोणाच्या घरी ठेवावे, सर्वांस माप एकच. पण ती इच्छा तुम्हांस समजली कशी, असे विचारले की उत्तर देणारा अडखळतो. या अडखळण्याचा इतिहास पाहावयाचा तर नागपूरकरांस फार दूर जावयास नको.

नारायण वामन टिळक 1891 च्या सुमारास नागपुरास आले आणि बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामास लागले. पुढे 1893 मध्ये चाकरीच्या शोधात ते नागपुराहून राजनांदगावास निघाले. आगगाडीच्या त्याच डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले, आणि उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवून ती वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनी वचन दिले. पुस्तक प्रथम त्यांच्या मनास फारसे धरीना. तरी शब्द दिला म्हणून ते वाचीत राहिले, आणि डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर मात्र त्यांस ते खाली ठेववेना.

ही गोष्ट सांगताना भाविक मनुष्य म्हणतो, त्या साहेबास देवानेच त्या डब्यात बसविले. असेल. पण स्टेशनांवर फुकट मिळालेल्या धर्मपुस्तकांत चणेफुटाणे बांधून नेणारे प्रवासी त्या काळीही थोडे नव्हते. भेट होणे हा योग. वचन पाळून शेवटपर्यंत वाचणे हे कर्म. आमच्या मते ईश्वरेच्छेची खूण पाहावयाचीच असेल तर ती डब्यात पाहण्यापेक्षा त्या कंटाळवाण्या वाटलेल्या पहिल्या पानांत पाहावी. सन 386 मध्ये मिलान येथील बागेत ऑगस्टिनास मुलाचा आवाज ऐकू आला व त्याने पुस्तक उघडले, ही कथा सर्वश्रुत आहे. तत्पूर्वी कित्येक वर्षे तो तेच धर्मशास्त्र चाळीत होता, हे मात्र सांगणारा सहसा सांगत नाही.

टिळकांनी उतावळेपणा केला नाही, एवढे त्यांच्या पदरी घातले पाहिजे. एरवी त्यांचा स्वभाव मनात आले की उठून चालू लागण्याचा. या एका बाबतीत मात्र त्यांनी दीड-दोन वर्षे वाचन, प्रार्थना आणि मुंबईच्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार यांत घालविली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी त्या वेळी बरोबर नव्हती.

येथे प्रश्न कठीण होतो. ज्यास एकाने देवाची हाक म्हटले, तिचा दुसऱ्याच्या घरात अर्थ काय झाला? लक्ष्मीबाईंच्या वाट्यास लहान मुलासह माहेरच्या माणसांचा आश्रय आणि लोकांची कीव आली. नवरा जिवंत असून ताटातूट झाली. त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, ती 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली; त्यांत त्यांनी हे दुःख लपविले नाही, पण त्याचे भांडवलही केले नाही. टिळकांवर त्या रागावतात, हसतात, आणि पुढच्या वाक्यात त्यांची बाजू घेतात. ईश्वरेच्छेचा निर्णय करणाऱ्याने आपल्या निर्णयाची किंमत कोण भरणार हे आधी पाहावे, असे आम्हांस तरी ही पाने वाचताना वाटल्याशिवाय राहत नाही. आणि टिळकांनी ते पुरेसे पाहिले नाही, असेही वाटते.

लक्ष्मीबाईंची स्वतःची वाट निराळी. पतीकडे परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली. त्यांस पुस्तकाने जिंकले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा एकच प्रश्न राहुरीस असताना त्यांच्या मनाने धरला. देवाने केला असता तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांतही त्याची काही खूण दिसली असती. ती दिसत नाही. तेव्हा हे माणसाचे काम. असे ठरताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला व तो अंमलातही आणला. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. एका बाईने स्वयंपाकघरात उभे राहून केलेला हा विचार आम्हांस कोणत्याही दृष्टान्ताहून कमी वाटत नाही. इग्नेशियस लोयोला याने सोळाव्या शतकात, मन विषण्ण असता पूर्वीचा निश्चय बदलू नये, असा नियम घालून दिला. लक्ष्मीबाईंस तो नियम माहीत असण्याचे कारण नव्हते. पण दुःखाच्या भरात त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, ते दुःख ओसरल्यावर झाल्या.

नागपुरातच याची दुसरी बाजूही दिसते. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये येथे आले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. अशा मृत्यूस 'प्रभूची इच्छा' म्हणून मोकळे होणे सोपे असते. त्यांची टिपणे 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापून काढली व 1883 मध्ये त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले, हे खरे. परंतु पुरास त्याचे श्रेय देणे आमच्याने होत नाही.

टिळकांस शेवटची हाक 1917 मध्ये आली. मिशनची नोकरी व ठरलेला पगार सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची ती बंधुमंडळी व्हावयाची होती. 9 मे 1919 रोजी ते मुंबईस वारले आणि दरबार पुढे नीटसा रुजला नाही. मग ही हाक ऐकण्यात त्यांची चूक झाली काय? फळावरून निर्णय करावयाचा तर होय म्हणावे लागेल. आम्ही तसे म्हणावयास धजत नाही, कारण पंचावन्न वर्षे उलटल्यावर निश्चित पगार सोडणाऱ्यास फळाची लालूच होती असे दिसत नाही.

त्यांच्या मागे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. दहा-अकरा अध्याय झालेले. ते पुढे नेण्यास लक्ष्मीबाईंस कोणी गाडीत भेटले नाही. जोडाक्षरांशी त्यांचे कधी फारसे जमले नव्हते. त्या लिहावयास बसल्या, आणि साठांहून अधिक अध्याय त्यांच्या हातून झाले.