पोटखराब्यातले मोर

(पोस्ट लांब आहे. या पावसाळ्यात गाडी काढून सौताड्याला किंवा नायगावला जायचा बेत असेल तर निघायच्या आधी एवढी वाचा.)

मागच्या रविवारी बीडहून सौताड्याला गेलो होतो. घरची माणसं, पाहुण्यांची दोन लेकरं, डिकीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा जार. मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी पाटोद्याच्या रस्त्याला लागली, तसा दोन्ही बाजूंनी माळ सुरू झाला. कुसळी गवत, हिवर, बोरी, उघडे दगड, लांब कुठंतरी पवनचक्क्या. पुण्याहून आलेलं लेकरू खिडकीतून बघत होतं. म्हणालं, "काका, इथं तर काहीच नाही."

मला हसू आलं. कारण सरकारी कागदानंही या जमिनीबद्दल पिढ्यान् पिढ्या हेच लिहून ठेवलंय.

सातबारा बघितलेल्याला 'पोटखराबा' हा शब्द सांगायला नको. गटातला जो तुकडा पिकत नाही, म्हणजे खडक, ओघळ, उतार, तो पोटखराबा. त्यावर सारा नाही, आणि सारा नाही म्हणून किंमतही नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात असे तुकडे गावोगाव सापडतील. निजामाचं राज्य होतं तेव्हाही, १९४८ साली ते गेलं तेव्हाही आणि १९६० ला आपण महाराष्ट्रात आलो त्यानंतरही, महसुलाची नजर एकच राहिली. नांगर चालतो का? चालत नाही. मग सोडून द्या.

आता हा माळ नक्की काय आहे ते बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले आणि दख्खनचं पठार झालं. बालाघाट त्याचाच एक कणा. या कण्यावर पाटोदा तालुका असा बसलाय की तिथं पडलेल्या पावसाच्या दोन वाटा होतात. मांजरा याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि सातशेहून जास्त किलोमीटर फिरून गोदावरीला मिळते. सौताड्याची विंचरणा मात्र दुसऱ्या अंगाला उतरते, सीनेला मिळते आणि सीना-भीमेच्या वाटेनं तिचं पाणी कृष्णेच्या खोऱ्यात जातं. म्हणजे ज्याला आपण 'काहीच नाही' म्हणतो, तो माळ दोन मोठ्या खोऱ्यांचा पाणलोट आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं बघितलं. त्या नदीची सुरुवात आपल्या या दगडांत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

सौताड्याला पोचलो की पठार एकाएकी संपतं. पायाखाली खोल दरा, काळ्या खडकाचे उभे कडे, विंचरणेची धार आणि तळाशी रामेश्वराचं मंदिर. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारलाही असंच आहे. डोंगराची घळ, वरून पडणारं पाणी आणि मन्मथस्वामींची समाधी. आपल्या जुन्या माणसांनी पाण्याच्या जागा देवाच्या नावानं राखल्या. सगळंच राखलं असं नाही म्हणणार मी, पण झऱ्याच्या तोंडाशी घाण करायची नाही, एवढा धाक होता.

देवानं दरा राखला आणि दुर्लक्षानं माळ राखला. कायदा फार उशिरा आला. मोर राष्ट्रीय पक्षी झाला १९६३ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ मध्ये आणि पाटोद्याच्या बाजूचं नायगाव मयूर अभयारण्य झालं १९९४ मध्ये, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. मोर तिथं त्याच्या कितीतरी आधीपासून होता. नांगर पोचला नाही म्हणून झुडपं टिकली, आणि झुडपं टिकली म्हणून मोर टिकला.

माणसांची गोष्ट मात्र एवढी सोपी नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळानं हा भाग असा मोडला की १९०१ च्या शिरगणतीत जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वीपेक्षा लाखाहून जास्त माणसं कमी भरली. मग बहात्तरचा दुष्काळ. तो आमच्या घरानं भोगलाय. माझी आजी खडी फोडायला जायची. तळहाताला कापड गुंडाळायचं, दिवसभर हातोडा चालवायचा आणि संध्याकाळी सुकडी पदरात घेऊन यायची. मराठवाड्यातले कितीतरी पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते त्याच हातांनी झाले. त्याच कामांमधून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. आज आपण डांबरी रस्त्यावरून ऐंशीच्या वेगानं जातो तेव्हा आपल्या टायरखाली नक्की कुणाची मजुरी आहे, हे कधीतरी आठवावं.

येताना पाटोद्याच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. एक म्हातारे शेरडं घेऊन उभे होते. लेकरांनी विचारलं, "बाबा, मोर कुठं दिसतील?"

म्हणाले, "दिसत न्हाईत आता रईवारी. गाड्या लई येत्यात."

मी म्हटलं, "पण अभयारण्य झाल्यावर वाढले असतील ना?"

"मोर काय सरकारनं आणलाय व्हय? आमच्या आज्यापासून हाय. मला येवढंच सांगा दादा, शेरडानं गवताला तोंड लावायचं न्हाई, ते आम्ही ऐकलं. मग तुमची गाडी गवतावर कशी चालती?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. कारण तासाभरापूर्वीच मी फोटोसाठी गाडी रस्त्याखाली उतरवली होती. सावलीला म्हणून. गवतात.

घरी आल्यावर वाचायला बसलो. मोराचा विणीचा हंगाम म्हणजे पावसाळा. लांडोर झाडावर घरटं करत नाही, जमिनीवर झुडपाच्या आडोशाला साधा खळगा करून त्यात अंडी घालते. आणि आपण तिकडं जातो कधी? बरोबर त्याच महिन्यांत. धबधबा सुरू झाला की व्हिडिओ फिरतात, आणि मग हॉर्न, मोठ्ठाले स्पीकर, चिप्सची पाकिटं, फुटक्या बाटल्या, गवतात लावलेल्या गाड्या. मोराला मारलं तर तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. पण अंड्यांवरून चाक गेलं तर? ते कुणाला दिसतही नाही.

मी जाऊ नका म्हणत नाही. जरूर जा. दुष्काळ आणि ऊसतोडीशिवाय आपल्या जिल्ह्याची ओळखच कुणी सांगत नाही. आपल्या लेकरांनी तरी हा दरा डोळ्यांनी बघावा. टपरीवाल्याला, भाकरी करून देणाऱ्या बाईला चार पैसे मिळावेत. ज्या तालुक्यातली माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन परमुलखात जातात, तिथं चार पैसे ही लहान गोष्ट नाही. पण जाताना एवढं करा:

गाडी डांबरावर किंवा ठरलेल्या जागीच लावा. एक चाकही गवतात नको.
स्पीकर घरी ठेवा. मोराचा आवाज ऐकायचा असेल तर आधी आपला बंद करावा लागतो.
जेवढं डिकीतून नेलं तेवढं डिकीतून परत आणा, कचऱ्यासकट.
उन्हाळ्यात गेलात तर बिडी-सिगारेट नको. वाळल्या कुसळीला एक ठिणगी बास होते, आणि वणवा जाळरेषा बघून थांबेलच असं नाही.

आणि गावकऱ्यांना, सरपंचांना एक विनंती. वाहनतळ गावाजवळ ठेवा, पावती गावाची असू द्या आणि तिथनं पुढं लोकांना पायी चालू द्या. चराई ज्यांनी सोडली, त्या घरातल्या पोरांनाच वाटाड्याचं काम द्या. राखणीचा भार ज्यांनी उचललाय, त्यांच्या पदरात काही पडलं नाही तर ती राखण टिकणार नाही.

शंभर वर्षं हा माळ वाचला, कारण तिथं नांगर पोचत नव्हता. आता गाडी पोचते. यापुढं दुर्लक्ष त्याला वाचवणार नाही, आपण लक्ष दिलं तरच तो राहील.

त्या दिवशी आम्हाला मोर दिसला नाही. पण टपरीवरून निघताना म्हाताऱ्यांनी हात वर करून गप्प बसायला लावलं. मिनिटभर कुणी बोललं नाही. आणि मग झुडपांच्या पलीकडून एक केका आली, तिला उत्तर म्हणून दुसरी. पुण्याचं लेकरू डोळे मोठे करून माझ्याकडं बघत राहिलं.

तुमच्या गावच्या पोटखराब्यात काय काय आहे? झरा, घळ, पक्षी, जुनी विहीर, काहीही असो. खाली लिहा. कागदावर नाही, तर निदान इथं तरी त्याची नोंद होऊ द्या.