रजेचा अर्ज

इस्लामपुरात आमच्या सोप्यावर जेवणं उरकली की आजोबांच्या गोष्टी रंगायच्या आणि त्यात तुरुंग हमखास यायचा. २४ जुलै १९४३ ला स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, दोन साथीदार गोळीला बळी पडले, हे सांगताना आजोबांच्या हातातला अडकित्ता थांबायचा. दुसरी गोष्ट आटपाडीची. औंध संस्थानानं १९३९ साली तिथल्या माळावर स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांना ना भिंत, ना बेडी. शेती करायची आणि विश्वासाला जागायचं. ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा त्यावरूनच सुचला.

तिसरी गोष्ट ते दबक्या आवाजात सांगत. आळीतल्या एकाला जन्मठेप झाली होती. त्यानं रजेचा अर्ज केला की चौकशी गावात यायची. चारजण म्हणायचे, “कशाला आणताय? पुन्हा भानगड.” तेवढ्यावर अर्ज नामंजूर. आजोबा म्हणत, “तुरुंग फोडणाऱ्याची गोष्ट सगळे सांगतात, अर्ज करणाऱ्याची कोण सांगणार?”

ती गोष्ट न्यायालयांच्या निकालांत सापडते. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना प्रभाकर संझगिरींनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. सरकारनं हस्तलिखित बाहेर जाऊ दिलं नाही. ते कोर्टात गेले आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही जिंकले. नियमात मनाई नसेल, तर तुरुंगाधिकाऱ्याच्या मर्जीनं कैद्याचा हक्क हिरावता येत नाही, हे तेव्हा ठरलं.

रजेलाही नियम आहेत, मुळात १९५९ चे. पॅरोलला आजारपण, मयत असं कारण लागतं आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. फर्लोला, म्हणजे संचित रजेला, कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. फर्लो हा निरपवाद हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं. पण म्हणून मनमानी चालते असं नाही. ‘गावची शांतता भंगेल’ एवढाच मोघम शेरा मारून नाकारलेल्या रजा मुंबई उच्च न्यायालयानं कितीदा तरी मंजूर केल्या आहेत.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सांगली-साताऱ्याच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं मोफत वकील मिळतो. तेव्हा आपल्या ओळखीतल्या कुणाची रजा नाकारली असेल, तर आधी त्या आदेशाची प्रत मागून घ्या आणि विधी सेवा समितीचं दार ठोठवा. आणि चौकशी गावात आली, की तोंड उघडण्याआधी जरा विचार करा.