दाढीचे नाणे, शेंडीचा कर

रशियाच्या पीटर झारची गोष्ट वर्गात सांगितली की मुले हमखास हसतात. १६९८ साली युरोपचा प्रवास करून परतलेल्या या झारने सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कातरल्या. १७०५ च्या हुकमाने दाढीवर कर बसला. बड्या व्यापाऱ्याला वर्षाकाठी १०० रूबल, दरबारी व अधिकाऱ्यांना ६०. पावती म्हणून दाढीमिशांचे चित्र असलेले नाणे मिळे. त्यावर 'पैसे घेतले' अशी अक्षरे. शेतकऱ्याला गावात दाढी माफ होती. पण शहराच्या वेशीतून जाता-येता दर खेपेस एक कोपेक मोजावा लागे. झारला देश आधुनिक करायचा होता. जुन्या पंथाच्या लोकांना मात्र दाढी म्हणजे धर्मच वाटे. हा कर १७७२ साली उठला.

गोव्याचे नाव काढले की वर्गातले हसू मावळते. घाट उतरला की गोवा. आमच्या मुलांची आजोळे तिकडे आहेत. तिथल्या हिंदूंवर पोर्तुगीजांनी १७०४ साली शेंडीचा कर बसवला. तो १८४० पर्यंत, म्हणजे १३६ वर्षे चालला. 'शेंडी तुटो की पारंबी तुटो' म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी पैसे मोजले, शेंडी राखली.

हे शिकवणाऱ्या मीच काही वर्षांपूर्वी शाळेत फतवा काढला: केस वाढवले तर वीस रुपये दंड. एका सधन घरच्या मुलाने महिन्याचा दंड आगाऊ आणून टेबलावर ठेवला. दुसरा, रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा मुलगा, तीन दिवस शाळेतच आला नाही. न्हाव्यालाही पैसे नव्हते आणि दंडालाही. पहिल्याने माझ्याकडून दाढीचे नाणे विकत घेतले होते. दुसरा वेशीबाहेर उभा होता. मी त्याच दिवशी फतवा मागे घेतला.

म्हणून सगळेच कर अन्यायाचे, असे मी म्हणणार नाही. तंबाखूचा धूर शेजारच्याच्या छातीत जातो, आजारपण सगळ्या घराला भोगावे लागते. तिथे कर समजू शकतो. मात्र व्यसन सोडवायला हातही पुढे हवा. पण ज्या सवयीने दुसऱ्याचे काही बिघडत नाही, तिच्यावर दंड कशासाठी? दंडाने पैसेवाल्याला मुभा मिळते आणि गरिबाला शिक्षा. शिवाय तिजोरीला त्या पैशाची चटक लागली, की ती सवय सुटावी असे सरकारलाही मनापासून वाटेनासे होते.

तो मुलगा चौथ्या दिवशी शाळेत आला. केस तसेच होते. मी हजेरी घेतली आणि धडा पुढे सुरू केला.