मुंबईतील भरतकाम आणि आलिशान फॅशन
पॅरिस-मिलानच्या अनेक उंची पोशाखांवरील मणी-टिकल्यांचे काम मुंबईत होते. ‘अड्डा’ या लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाभोवती मांडी घालून बसलेले कारागीर हे काम ‘आरी’ या आकड्याच्या सुईने करतात. त्यांपैकी बरेच उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालमधून आलेले. शिलाई युरोपात झाली की लेबलावर फ्रान्स वा इटली येते, कारागिराची मुंबई नाही. ३० मार्च २०२३ रोजी फ्रेंच ब्रँड डिओरने गेटवे ऑफ इंडियापाशी संग्रह सादर करून मुंबईच्या ‘चाणक्य’ संस्थेला उघड श्रेय दिले. असे श्रेय विरळाच. कारागिरांच्या सुरक्षिततेसाठी काही बड्या ब्रँडांनी २०१६ मध्ये ‘उत्थान’ करार केला, मात्र तो कायद्याने बंधनकारक नव्हता. पोटकंत्राटावर चालणाऱ्या कोंदट खोल्यांतील असुरक्षित, लाभांविना चालणारे काम ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२० मध्ये उघडकीस आणले.